घरी शिकायला पेटी घ्यायची आहे: गोव्यात फोंड्याच्या दमट हवेत कोणती टिकेल?

शिकाऊ_फोंडा
नमस्कार मंडळी. आठवड्यातले चार दिवस आता घरूनच काम असते, त्यामुळे रोज संध्याकाळी दोन तास हाताशी राहतात. पेटी (हार्मोनियम) शिकायची आहे. आधी अलंकार (सरगमचा सराव), पुढे आरत्या आणि भजनाची साथ. २५ हजारांपर्यंत खर्च करायची तयारी आहे. घर चिऱ्याचे, कौलारू. जून ते सप्टेंबर भिंतींना ओल असते. दुकानदार घडीची, कपलरवाली स्केल चेंजर पेटी सुचवतो आहे. ती घ्यावी का? दुकानात काय तपासायचे? आणि पावसाळ्यात ठेवायची कशी? माझा आवाज पांढरी एक ते काळी दोनमध्ये बसतो.

पांढरी_चार
स्केल चेंजर नको, आणि आपल्या हवेत तर नकोच. तिच्यात पट्ट्यांची अख्खी चौकट सुरांवरून डावी-उजवीकडे सरकते. म्हणजे लाकडावर लाकूड घासणारा एक जादा सांधा. ओल धरली की लाकूड फुगते, चौकट अडकते आणि जोर लावला की पट्टी नेमकी आपल्या झडपेवर बसत नाही. मग दोन सूर एकदम वाजतात किंवा एक वाजतच नाही. कपलरचेही तसेच. एक पट्टी दाबली की सप्तक सोडून दुसरी आपोआप दाबायला तारांची रांग असते, ती गंजते आणि वाकते. घडीच्या पेटीत हवा गळायला आणखी एक जागा. या तिन्हींचे पैसे वाचवा आणि सुरांवर, म्हणजे आतल्या वाजणाऱ्या पितळी पात्यांवर घाला.

घ्यायची ती साधी, घडी न होणाऱ्या पेटाऱ्याची, साडेतीन सप्तकांची म्हणजे ४२ पट्ट्यांची, दोन ओळी सुरांची पेटी. एक ओळ खर्जाची (खालच्या आवाजाची), एक नर (तिच्या वरच्या सप्तकाची). दुकानात बास-मेल म्हणतात तीच. तीन ओळींची पेटी आवाजाला भरदार, पण हवा जास्त खाते आणि शिकणाऱ्याचा डावा हात लवकर दमतो. लाकूड जुने मुरलेले सागवान असेल तर उत्तम. प्लायवर सनमायका चिकटवलेली पेटी दोन पावसाळ्यांत कडांना उकलते. सूर कुठले, ते विचारा. पालिताण्याच्या सुरांचे नाव आहे, पण नावावर जाऊ नका, कानाने ठरवा.

आवाज पांढरी एक ते काळी दोन असेल तर स्केल चेंजरची गरजही नाही. त्या चार पट्ट्यांतून सा धरून अलंकार घोटले की बोटांना चारही रचना आपोआप कळतात. सरकती चौकट ही मेहनत टाळायला देते, आणि शिकण्याच्या पहिल्या वर्षात टाळू नये अशी मेहनत हीच.

भाता_दुरुस्ती
वरच्याशी सहमत. दुकानात काय पाहायचे ते सांगतो. अर्धा तास काढा आणि दुकानदाराला वाजवू देऊ नका. तो सफाईने वाजवतो आणि दोष झाकले जातात.

पहिली परीक्षा हवेची. सुरांच्या ओळींना हवा सोडणारे स्टॉप (समोरच्या ओढायच्या खुंट्या) उघडा, पट्टी न दाबता सलग सूर धरणारे स्टॉप बंद ठेवा आणि एकही पट्टी न दाबता भाता मारा. कुठला सूर गुणगुणला तर त्या पट्टीखालची झडप नीट बसलेली नाही. आतला भाता भरला की बाहेरचा भाता हाताला अडून राहिला पाहिजे. तो हळूहळू सरकत मिटत असेल तर हवा गळते आहे. गळती कुठे आहे ते पाहायला पेटलेली उदबत्ती भात्याच्या घड्यांजवळून आणि कडेने सावकाश फिरवा. धूर जिथे हलतो तिथे भोक. कापडाला ठिणगी लागू देऊ नका.

दुसरी परीक्षा सुरांची. फक्त खर्जाचा स्टॉप उघडून ४२ पट्ट्या एकेक करून अगदी कमी हवेवर वाजवा. चांगला सूर जराशा हवेत बोलतो. वाईट सूर आधी नुसता फुसकारतो, मग दचकून वाजतो. हेच फक्त नर ओळीवर करा, मग दोन्ही एकत्र. एकत्र वाजताना आवाज लाटेसारखा हेलकावत असेल तर त्या दोन सुरांत फरक आहे. मोबाइलवर ट्यूनर ठेवून मधल्या सप्तकातली पांढरी सहा ४४० हर्ट्झला आहे का पाहा. भाता सारख्या दाबाने मारा, कारण दाब वाढला की सूर किंचित हलतो आणि आकडा फसवतो.

तिसरी, पट्ट्या. डोळा पट्ट्यांच्या रेषेत आणून पाहा, सगळ्या एका उंचीवर हव्यात. प्रत्येक पट्टी कडेने हलकी ढकला. शेजारणीला टेकत असेल तर आषाढात ती नक्की अडकणार. पोस्टकार्डाच्या जाडीएवढी फट राहिली पाहिजे.

आणि नवी पेटी ऐन जुलैत कुरियरने मागवू नका. कोरड्या गावात बांधलेले लाकूड इथे आल्यावर आठवड्याभरात फुगते आणि सुरांची फळी ताण घेते. आताच घ्यायची तर प्रत्यक्ष वाजवून घ्या, नाहीतर दिवाळीनंतर मागवा. चवथीच्या तोंडावर दुरुस्ती करणाऱ्यांकडे रांग असते, तेव्हा काही करून घ्यायचे तर श्रावण लागण्याआधी.

शिकाऊ_फोंडा
मोठे काम झाले, आभार. एक जुनी पेटीही विकाऊ आहे, मालक सूर जर्मन असल्याचे सांगतो. आणि पट्टी अडकली तर घरी काय करता येते?

भाता_दुरुस्ती
जुने जर्मन सूर खरे असतील तर सोनेच. पण जुनी पेटी आजच्या ४४०ला लावलेली असेलच असे नाही. तानपुऱ्याच्या अ‍ॅपबरोबर वाजवून पाहा. सगळी पेटी सारखीच वर किंवा खाली असेल तर भजनात दुसऱ्या वाद्याशी जमणार नाही. वरची फळी काढून आत बॅटरी मारा. लाकडाखाली पिठासारखी बारीक पूड दिसली तर कीड आहे, परत फिरा.

अडकलेली पट्टी: आधी दहा दिवस पेटी कोरड्या खोलीत ठेवा. बहुतेक वेळा तेवढ्यानेच सुटते. घाईने पॉलिशपेपर मारला तर मे महिन्यात तीच पट्टी खुळखुळते. सुटलीच नाही तर पट्टी काढून जिथे घासल्याची चमक दिसते तेवढ्याच जागी ३२० नंबरचा पेपर दोन-तीन हात फिरवा. पट्टीला सरळ ठेवणाऱ्या मार्गदर्शक खिळ्याला ६बी पेन्सिलचे शिसे चोळा. तेल किंवा गंज सोडवणारा स्प्रे अजिबात नको. लाकूड आणि चामडे ते पितात आणि धूळ धरून चिकट होतात.

सूर मुका झाला तर बहुतेक वेळा पात्याखाली तंतू नाहीतर धूळ असते. पातळ कागदाची पट्टी पात्याच्या मोकळ्या टोकाकडून अलगद सरकवा आणि काढा. पाते वर उचलून वाकवू नका. हिरवा कीट दिसला म्हणून चिंच, लिंबू, ब्रासो लावू नका. टोकाकडचे पितळ झिजले की सूर चढतो, मुळाकडचे झिजले की उतरतो. पाते खरवडणे हे कारागिराचेच काम.

भाता फाटला तर फेव्हिकॉलऐवजी सरस (जनावरांच्या कातड्याचा गोंद) वापरायला सांगा. सरस ऊब आणि ओलाव्याने सुटतो, त्यामुळे पुढची दुरुस्ती करता येते.

चिऱ्याचे_घर
ठेवण्याबद्दल कुणी लिहिले नाही म्हणून लिहिते. पेटी जमिनीवर नको, बाहेरच्या भिंतीला टेकून तर नकोच. आतल्या भिंतीपासून वीतभर लांब, दीड फूट उंच स्टुलावर ठेवा. जाड रेक्झिनचे कव्हर पावसाळ्यात काढून सुती चादर घाला, कव्हरात वाफ कोंडते. लोखंडी कपाटात ठेवायची असेल तर रंग बदलणारे सिलिका जेल २५० ग्रॅम, सुती पिशवीत, पेटीच्या बाहेर. रंग बदलला की ओव्हनमध्ये १२० अंशांवर दोन तास सुकवा, पुन्हा वापरता येते. खोलीत आर्द्रतामापक ठेवा. आकडा ५० ते ६० टक्क्यांच्या मध्ये असावा. डीह्युमिडिफायर (हवेतली ओल शोषणारे यंत्र) घेणार असाल तर ५५वर लावा. अगदी खाली नेला तर लाकडाला तडे जातात.

झुरळे चामडे आणि कापड कुरतडतात. डांबरगोळ्या चालतात, पण पेटीच्या पोटात नाही, खालच्या स्टुलावर.

आणि वाजवत राहा. रोज दहा मिनिटे भाता हलला तरी आतली हवा बदलते आणि घड्या ताठरत नाहीत. भात्याचा हात कसा चालतो ते कळण्यासाठी आपल्या बोरी गावचे हार्मोनियमवादक पं. तुळशीदास बोरकर यांचे वादन ऐका. हवा कुठे कमी केली, कुठे दिली, एवढ्यावरच लक्ष ठेवून एक बंदिश चार वेळा ऐका.

पांढरी_चार
एक राहिले. पेटी उचलताना भात्याची आकडी लावा आणि स्टॉप बंद करा. उघडा भाता धरून उचलली की बिजागरी ढिली होते, आणि ती गळती उदबत्तीच्या धुरातही पटकन दिसत नाही.