‘द लॉस्ट डॉटर’वरून फॅमिली ग्रुपवर जुंपली ती अशी

(सुप्रभात, वाढदिवस आणि काकांचे फॉरवर्ड गाळून बाकीचं जसंच्या तसं ठेवलंय. कंसातलं माझं. सिनेमा थोडक्यात: लेडा नावाची बाई समुद्रकिनारी सुट्टीला येते, तिथे नीना नावाची तरुण आई आणि तिची लहान मुलगी दिसते, आणि तिला स्वतःच्या दोन मुली लहान असतानाचे दिवस आठवतात, जेव्हा ती त्यांना तीन वर्षं सोडून गेली होती. शेवटही फोडलेला आहे, तेव्हा बघायचा असेल तर आधी बघून घ्या.)

काका: कोणी सुचवला हा पिक्चर? दोन तास एक बाई समुद्रावर बसून लोकांकडे टक लावून बघतेय. सुरुवातीला पोरगी हरवते तेव्हा मी सरसावून बसलो. म्हटलं आता चौकशी, संशय, धावाधाव. तर हीच बाई तिला शोधून आणून देते. संपलं!

मी: मी सुचवला. हळूहळू चढतो, घाईत बघू नका, हे आधीच लिहिलं होतं.

काकू: हे अर्ध्यातच घोरायला लागले. यांचं मत अर्धंच धरा.

काका: अर्ध्या पिक्चरचंच देतोय. जागा असतो तर आणखी वाईट दिलं असतं.

आई: मला कंटाळा नाही आला, त्रास झाला. लेडाची ती मोठी मुलगी बोट कापून घेते आणि आईला म्हणते, पापी घे, म्हणजे बरं वाटेल. पुन्हा पुन्हा म्हणते. आई घेत नाही! एक पापी! तिथेच बंद करणार होते.

आत्या: वहिनी, मी तिथेच सावरून बसले. एका पापीनं काय जातं, हे आपल्याला बघताना वाटतं. त्याच्या आधीचं बघ ना. कानाला हेडफोन लावून भाषांतराला बसली की एक जण अंगावर चढतेय, दुसरी हाक मारतेय. कॅमेरासुद्धा इतका जवळ आणलाय की आपल्यालाच म्हणावंसं वाटतं, जरा लांब हो गं बाई.

आई: वन्सं, आपण सगळ्यांनीच ते केलं. कोणी सोडून नाही गेलं.

(एरवी आई त्यांना ताई म्हणते. ‘वन्सं’ आलं की समजायचं, पारा चढलाय.)

आत्या: गेलं नाही कोणी. जावंसं वाटलं नाही, असं मात्र मी लिहून देणार नाही.

(यानंतर बराच वेळ कोणी काही लिहिलं नाही. ‘टायपिंग’ मात्र दोनतीनदा दिसलं.)

धाकटी: मध्येच जरा माहिती. मूळ कादंबरी २००६ ची, इटालियन. एलेना फेरांते हे टोपणनाव, खरी कोण हे तिनं कधी जाहीर केलेलं नाही. सिनेमा २०२१ चा. मॅगी जिलेनहाल मूळची अभिनेत्री, दिग्दर्शनात हा तिचा पहिला. फेरांतेनं हक्क देताना अट घातली होती की दिग्दर्शन तूच करायचंस, नाहीतर करार रद्द. व्हेनिसच्या चित्रपट महोत्सवात पटकथेचं बक्षीस मिळालं. आणि लेडाच्या भूमिकेसाठी दोघींना ऑस्कर नामांकन, म्हातारपणाकडे झुकलेली ऑलिव्हिया कोलमन आणि तरुणपणीची जेसी बकली. एकाच सिनेमातल्या एकाच पात्रासाठी दोघींना, असं याआधी ‘टायटॅनिक’ आणि ‘आयरिस’ला झालं होतं.

काका: बक्षिसांनी झोप उडत नाही बाळ.

आत्या: म्हातारपणाकडे झुकलेली?? अठ्ठेचाळीस वर्षांची बाई आहे ती.

धाकटी: सॉरी आत्या.

दादा: हा मेसेज डिलीट केला आहे

वहिनी: वाचला मी.

दादा: अगं तसं नव्हतं म्हणायचं.

वहिनी: ‘नॉर्मल आई असं करूच शकत नाही’ याचं दुसरं कसं म्हणायचं असतं? आणि तू बघितलेला नाहीस. मी बघत होते तेव्हा तू पिल्लूला झोपवत होतास, त्याबद्दल थँक्यू. पण मत देऊ नकोस.

वहिनी: आणि मला लेडा आवडलेली नाही, हेही लिहून ठेवते, नाहीतर सगळे मला तिच्या बाजूला बसवाल. नीनाची पोर बाहुलीसाठी दिवसरात्र रडतेय, नीनाला झोप नाही, आणि ही बाई ती बाहुली घरी लपवून तिला नवे कपडे विकत घेते. मुलींना सोडून गेली ते एक वेळ समजू शकते. हे नाही समजत. तिला ठाऊक आहे झोप नसलेल्या आईचं काय होतं. ठाऊक असून करते.

(मला विचाराल तर सिनेमाबद्दल आमच्या ग्रुपवर कोणी काही नेमकं बोललं असेल तर हे. संथपणावरून भांडण लावायला काका पुरेसे आहेत, पण खरी फूट बाहुलीवर पडली.)

आत्या: ती बाहुली तिचीच आहे.

वहिनी: आत्या, अहो चोरलीये.

आत्या: अगं तसं नाही. तिची लहानपणीची बाहुली होती ना, जपून ठेवलेली, ती तिनं मुलीला खेळायला दिली. मुलीनं पेनानं चितारून ठेवली. आईनं रागानं खिडकीबाहेर भिरकावली, खाली पडून फुटली. आता इतक्या वर्षांनी हाताशी एक बाहुली आलीये, तर तिला धुतेय, पुसतेय, कपडे घालतेय. फुटलेली जोडतेय.

आई: दुसऱ्याच्या लेकराला रडवून?

आत्या: हो, रडवून. चांगलं केलं असं कुठे म्हणतेय मी?

मी: मला वाटलं, तिला न रडणारं मूल हवं होतं. जवळ घ्यावं, नको असेल तेव्हा कपाटात टाकावं. पण बाहुलीच्या तोंडातूनही घाण पाणी येतं आणि नंतर किडा निघतो. म्हणजे तीही शेवटी सांभाळायलाच लावते.

काका: किडा? हा कधी निघाला?

काकू: तुम्ही घोरत होतात तेव्हा.

धाकटी: मी दोन ठिकाणी वाचलं की हा प्रसूतीनंतरच्या नैराश्याचा सिनेमा आहे. बरोबर आहे का काकू?

(काकूंनी नोकरीची सगळी वर्षं प्रसूती वॉर्डात काढलीत.)

काकू: नाही. आणि हे एकदा नीट लिहिते, कारण लोक सरसकट ठोकून देतात. बाळंतपणानंतर पहिल्या काही दिवसांत रडू येणं, चिडचिड होणं, हे खूप जणींना होतं आणि साधारण दोन आठवड्यांत ओसरतं. त्यापुढे टिकलं, झोप लागत नाही, बाळ झोपलं तरी लागत नाही, बाळाबद्दल काही वाटतच नाही, स्वतःला किंवा बाळाला काही करावं असे विचार येतात, तर तो आजार. त्याला उपचार आहेत आणि गुण येतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या आकड्यांप्रमाणे नुकत्याच बाळंत झालेल्या बायकांपैकी सुमारे १३ टक्के जणींना मानसिक आजार होतो, मुख्यतः नैराश्य. विकसनशील देशांत जवळपास २० टक्के. लेडा घर सोडते तेव्हा मुली सात आणि पाच वर्षांच्या आहेत. तिला काय झालंय याचं नाव सिनेमा घेतच नाही. आजार असता तर आपल्या सगळ्यांना बरं वाटलं असतं. गोळी दिली, बरी झाली, परत आली.

आत्या: व्वा.

आई: हे पटलं. मला तेच हवं होतं बहुतेक. काहीतरी कारण.

धाकटी: ऑर्ना डोनाथ नावाच्या इस्रायली समाजशास्त्रज्ञ बाईंनी २०१५ मध्ये एक अभ्यास छापला होता, आई झाल्याचा पश्चात्ताप होणाऱ्या २३ बायकांच्या मुलाखती. त्यात बायकांनी दोन गोष्टी वेगळ्या काढल्या होत्या. मुलांवर माया आहे, पण आई होणं नको होतं.

आई: असं वेगळं काढता येतं?

वहिनी: मंगळवारी येतं. बुधवारी नाही येत.

बाबा: नवरा कुठे होता?

(बाबा म्हणजे आत्याचे दादा. ग्रुपवर महिन्यातून एकदा लिहितात. अंगठा दाखवतात तो लिहिण्यात धरत नाही.)

आत्या: घे. दादानं विचारलं एकदाचं. नवरा कामात होता. आणि ते डोंगर चढणारं जोडपं येतं आठवतंय? त्या माणसाची मुलं घरी आहेत आणि हा प्रेमात पडून फिरतोय. त्याच्याबद्दल या ग्रुपवर कालपासून एका शब्दानं कोणी बोललं नाही. मीसुद्धा नाही.

दादा: मी काही बोलत नाही.

वहिनी: शहाणा आहेस.

आई: मला सांगा, नीना विचारते, मुलींशिवाय ती तीन वर्षं कशी गेली? आणि ही म्हणते मस्त वाटलं. खंत म्हणून नाही!

मी: आई, म्हणताना तिचे डोळे भरलेत. नुसतं ऐकलं तर एक, बघितलं तर दुसरं. कोलमनचा सगळा अभिनय असाच आहे, तोंड एक सांगतं आणि चेहरा भलतंच.

आई: मग परत का आली?

मी: मुलींची आठवण आली म्हणून. पुढे स्वतःच म्हणते, मी फार स्वार्थी आहे.

आई: म्हणजे आली तीही स्वतःसाठीच.

वहिनी: आई, दुसऱ्या कोणासाठी आली असती तर चाललं असतं का? कर्तव्य म्हणून? मला नसतं चाललं. उद्या पिल्लूला कळलं की मी नाइलाजानं घरी राहिले, तर त्याला काय आनंद होणार आहे?

काकू: शेवट कोणाला कळला? नीना लेडाला हॅटपिन, म्हणजे टोपीला लावायची लांब टाचणी, खुपसते, जी हिनंच तिला घेऊन दिलेली असते. मग गाडी रस्ता सोडते, ही किनाऱ्यावर कोसळते. सकाळी उठून फोनवर मुलींशी बोलतेय आणि हातात संत्रं. मेली की जगली?

धाकटी: कादंबरीत ती मुलींना म्हणते की मी मेलेय, पण बरी आहे. सिनेमात उलट आहे, जिवंत आहे म्हणते. पण ते संत्रं कुठून आलं, हे काही सांगत नाहीत. त्यामुळे ज्याला जे हवं ते.

काका: हे असं चालत नाही. शेवट प्रेक्षकानं करायचा तर तिकिटाचे पैसे त्यालाच द्या.

काकू: तिकीट कुठलं, मुलाच्या पासवर्डवर बघितलात.

आई: मला आणखी एक खटकलं. त्या मुली फोनवर किती सहज बोलतात तिच्याशी. ती तीन वर्षं त्यांना कशी गेली, हे अख्ख्या सिनेमात कोणी विचारलं नाही. लेडाला विचारलं, त्यांना नाही.

आत्या: हे मात्र खरं वहिनी. त्या दोघींचा कोणी काढला तर मी पहिली बघेन.

आई: मी नाही बघणार. पण तू बघितलास की मला फोन कर, ताई.