कोकणातल्या निवतीच्या खडकांवरून चालत जाऊन स्नॉर्कलिंग (नळीने श्वास घेत पाण्याखालचं बघणं) होतं का?

आम्ही नाशिकचे, हरिहर-अंजनेरी किल्ले नेहमीचे, पण समुद्राचं काही कळत नाही. डिसेंबरात निवती किल्ल्याखालून खडकाखडकाने जाऊन तिथंच पाण्यात उतरलं तर?

> हरिहरचा कातळ वेगळा भावा. इथं भरतीच्या रेषेखाली शेवाळ, वर कालवं (खडकाला चिकटणारे शिंपले) चिकटलेली, कडा ब्लेडसारख्या, साध्या चपलेत गेलास तर पाय कापलाच समज. ओहोटी बघून निघ, अमावास्या-पौर्णिमेला पाणी जास्त चढतं.

> निवतीला किल्ला बघा, वरून भोगवे बीच झकास दिसतो. स्नॉर्कलिंग मालवणला, सिंधुदुर्ग किल्ल्याजवळ, गाईड घेऊनच. आणि प्रवाळावर उभं राहू नका राव, १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे ते.

ओहोटीचा टाइम कुठं कळेल?

> गावातल्या गाबितांना, म्हणजे मच्छीमारांना विचार, तोंडपाठ असतं त्यांना.