सड्यावरचे दगड उचलले की मुंग्यांचे काय होते?

कातळफूल
राजापूर तालुक्यातील आमच्या गावाच्या माथ्यावरचा सडा, म्हणजे जांभ्या कातळाचे उघडे पठार, गेल्या दोन वर्षांत टप्प्याटप्प्याने काजू-आंब्याच्या लागवडीखाली जात आहे. सातबाऱ्यावर ही जमीन पोटखराबा आहे, म्हणजे कागदोपत्री तिथे काहीच नाही. प्रत्यक्षात, पाऊस सुरू होण्याच्या सुमारास सड्यावरचा ताटाएवढा एखादा सुटा जांभा दगड अलगद उलटून पाहिला, तर कडेने गोम निसटते, वाणी हा अनेक पायांचा किडा अंग वेटाळून घेतो आणि मधोमध मुंग्यांची धांदल उडते. ज्यांना आपण मुंग्यांची अंडी म्हणतो ते पांढरे दाणे बहुधा अळ्या किंवा कोष असतात, आणि कामकरी मुंग्या ते जबड्यात धरून क्षणात भेगेत नेतात.

मे महिन्यात उघड्या कातळावर अनवाणी पाय ठेववत नाही, तेव्हा या दगडाखालीच सावली आणि थोडी ओल टिकते. खोल वारूळ करायला माती नसल्यामुळे दगड हेच या जिवांचे छप्पर आहे. बागेसाठी पहिले काम होते ते हे दगड वेचून गडगा, म्हणजे दगड रचून केलेले कुंपण, घालण्याचे. मग ब्रेकरने किंवा सुरुंगाने खड्डे आणि बाहेरून आणलेली माती. कलम लावण्याच्या कितीतरी आधी नुकसान झालेले असते आणि त्याची नोंद कुणीच ठेवत नाही, हे मला फार लागते.

कलमवाला
आपली कळकळ पोहोचली, पण मी सहमत नाही. आमच्या वडिलांनी 1990 साली सुरू झालेल्या रोजगार हमीच्या फळबाग योजनेतून अशाच कातळावर कलमे उभी केली, आणि त्या बागेमुळेच आम्हा दोघा भावंडांना मुंबई गाठावी लागली नाही. ज्यांच्या वाट्याला सड्याशिवाय दुसरी जमीन आलेलीच नाही, त्यांनी ती पडीक ठेवावी असे सांगणे मला न्याय्य वाटत नाही. शिवाय बागेत मुंग्या नाहीत असे कोण म्हणते? पाने शिवून घरटी करणारी तांबडी ओंबील आमच्याकडे इतकी आहे की आंबे उतरवणाऱ्यांना ती जागोजागी डसते. पालापाचोळा, सावली, माती हे सारे बागेनेच सड्यावर आणले. गडग्यातसुद्धा मुंग्या, विंचू, सरडे राहतातच.

मातीचा माणूस
कलमवाल्यांचे निरीक्षण खरे आहे, परंतु त्यातून निघणारा निष्कर्ष मला पटत नाही. ओंबील झाडावर राहणारी मुंगी आहे. तिची संख्या वाढली म्हणून जमिनीवरच्या मुंग्या टिकल्या असे होत नाही. सड्याच्या मातीच्या कप्प्यांत गवताचे बी वेचणाऱ्या मुंग्या असतात, ज्यांच्या वारुळाच्या तोंडाशी पाकळ्यांसारखी मातीची कडी दिसतात. त्यांना ऊन आणि मोकळे गवत लागते. सावली पडली आणि तणनाशकाने गवत बी धरण्याआधीच गेले की त्यांचे अन्न संपते. म्हणून एकूण मुंग्या किती यापेक्षा कोणत्या मुंग्या राहिल्या, हा प्रश्न विचारायला हवा. ऑस्ट्रेलियात खाणींच्या जागा पुन्हा सावरल्या का, हे पाहण्यासाठी मुंग्यांच्या जातींचाच आधार घेतला जातो.

गडगा अजिबात नसण्यापेक्षा बरा, हे मान्य. पण कातळाला टेकून पडलेल्या दगडाखालची ओल एकावर एक रचलेल्या चिऱ्यांत राहत नाही. आणि या किड्यांवर जगणारेही आहेतच: दक्षिण कोकणच्या सड्यांवर दगडांखाली राहणारी, 1963 साली विज्ञानाला माहीत झालेली पांढऱ्या पट्ट्यांची लहानशी पाल, किंवा रत्नागिरी जिल्ह्यातील डोर्ले गावातून 2003 साली नोंदवलेला देवगांडूळ, म्हणजे बिनपायाचा उभयचर.

बागायतदाराचाही यात स्वार्थ आहे. फळमाशीच्या अळ्या गळलेल्या आंब्यातून बाहेर पडून मातीत कोष करतात, आणि तिथे त्यांना टिपणाऱ्यांत जमिनीवरच्या मुंग्या असतात. मोहोरावर पुन्हा पुन्हा फवारलेले कीटकनाशक खाली ठिबकते, ते शत्रू आणि सोबती असा भेद करत नाही.

गडगेकरीण
बागेत निदान काही जीव परत येतात. चिरेखाणीत कातळच कापून नेतात, त्यावर कुणी बोलणार आहे का?

कलमवाला
खाणीबाबत माझाही विरोधच आहे. फळमाशीचा मुद्दा मला नवीन होता आणि तो मी मनावर घेतला आहे. तरीही खर्च कुणी सोसायचा हा प्रश्न उरतोच. 10 बाय 10 मीटरवर लावले तर हेक्टरी 100 कलमे बसतात. त्यातला पाव भाग सोडला तर 25 कलमांचे उत्पन्न माझ्या घरातून जाते. शासन वृक्षलागवडीला अनुदान देते, दगड जागेवर ठेवण्याला देत नाही. माझा एक तुकडा अजून कोरा आहे आणि मार्चमध्ये यंत्र लावायचे ठरले आहे. त्यात काय राखावे, हे कुणी नेमके सांगेल का?

कातळफूल
पाव भाग सोडा असे मी म्हणणार नाही. पावसाचे पाणी साचते ती डबकी आणि त्यांच्या भोवतीचा उघडा कातळ, जिथे खड्डा काढणे तुम्हालाही महाग पडेल, तेवढा सलग ठेवावा; सुटे तुकडे चारी कोपऱ्यांत नकोत. दिवाळीनंतर गवत वाळले की सकाळी लवकर मी येऊन दगडांखाली पाहीन. कातळात पेले पुरून सापळे लावता येत नाहीत, त्यामुळे दगड एकेक उचलून, नोंद करून, होता तसाच त्याच बाजूने परत ठेवावा लागतो. तोपर्यंत त्या तुकड्यावरचे दगड गडग्यासाठी कुणी नेऊ नयेत, एवढे गड्यांना सांगून ठेवा.