कोळंबीच्या डोक्यांची भुकटी कोंबड्यांना चालेल का?

प्रश्न: रत्नागिरीजवळ माझ्या अंड्यांच्या कोंबड्या आहेत. सोयापेंड परवडेनाशी झाल्याने कोळंबीची डोकी व टरफले उकडून, वाळवून, दळून खाद्यात मिसळावीत का?

उत्तर १: मिसळावीत, परंतु सोयापेंड पूर्ण बंद करू नये; कारण चाचणीत प्रथिने नायट्रोजनवरून मोजतात आणि त्यातला काही नायट्रोजन टरफलातील कायटिन या कडक पदार्थाचा असतो, तो कोंबडीला फारसा पचत नाही. शंभर किलोंत पाच किलोंपासून सुरुवात करावी आणि भुकटीत कॅल्शियम भरपूर असल्याने शिंपल्यांचा चुरा त्या हिशेबाने घटवावा.

उत्तर २: मीठही तपासावे, अन्यथा विष्ठा पातळ होऊन लिटर (कोंबड्यांखाली अंथरलेला भुसा) ओले राहते.

उत्तर ३: माल त्याच दिवशी उकडावा, पावसाळ्यात तर उन्हाच्या भरवशावर राहूच नये. अ‍ॅस्टाझँथिन या कोळंबीतील रंगद्रव्यामुळे बलक नारिंगी होतो, ते गिऱ्हाइकाला आवडते; अंड्याला माशाचा वास आल्यास मात्र प्रमाण लगेच कमी करावे.