मदत हवी आहे: पद्मिनीचा रनिंग बोर्ड आणि फ्लोअर, पत्रा कसा जोडावा? (सोलापूर)

प्रीमियर पद्मिनी. उजवा रनिंग बोर्ड (दाराखालची लांब पोकळ पेटी) आतून-बाहेरून गंजलाय, ड्रायव्हरच्या पायाखाली वीतभर भोक. डेंटर म्हणतो, वरून जीआय (जस्ताचा मुलामा असलेला) पत्रा ठेवून गॅसनं जोडू. माझ्याकडे सीओटू मशीन (गॅसच्या आवरणात तार वितळवणारं वेल्डिंग) आहे, ०.८ मिमी तार, नुसता सीओटू. २० गेजच्या तुकड्यावर सराव करतोय तर भोकं पडतात. जोड एकावर एक घ्यावा की कडेला कड?

— मालक, कटर लावायच्या आधी दाराच्या चौकटीत आधार द्या. पद्मिनीला वेगळी चासी नाही, भार रनिंग बोर्डवरच येतो. तो कापला की बॉडी मधोमध बसते आणि नवा लावल्यावर दार लागत नाही. २५ मिमीचा चौकोनी पाइप पुढच्या खांबापासून मधल्या खांबापर्यंत वेल्डचे छोटे टाके मारून बसवा, दाराच्या फटी मोजून लिहून ठेवा. शेवटचे टाके दार लावून पाहिल्यावरच.

भोकं पडतात कारण सलग ओढताय. ४०-५० अँपिअर, एक सेकंदाचा टाका, मग दुसऱ्या टोकाला. २५-३० मिमी अंतरानं टाके, हात लावता येईल इतकं गार झालं की मधल्या जागा भरा. घाई केलीत तर वेल्ड गार होताना आकसतो आणि पत्रा टपटप वाजायला लागतो. ८० टक्के आर्गॉनचं मिश्रण मिळालं तर पातळ पत्र्याला सोपं जातं, ठिणग्याही कमी. गॅस मिनिटाला ८-१० लिटर. उन्हाळ्यात कूलरचा झोत वेल्डवर नको, गॅस उडतो आणि टाक्यात छिद्रं राहतात.

फ्लोअरला १५-२० मिमी एकावर एक चालेल: वरच्या पत्र्याला ६-८ मिमीची भोकं पाडून खालच्या पत्र्यापासून वेल्डनं भरत या. बाहेर दिसणारा जोड मात्र कडेला कड, मिलिमीटरभर फट ठेवून.

— जीआय नकोच. जस्ताचा धूर विषारी आणि वेल्ड फुसका होतो. १ मिमी सीआरसी (मुलामा नसलेला साधा गुळगुळीत पत्रा) घ्या. जुना पत्रा पेचकसानं टोचून पाहा, आत गेला तर अजून मागे कापा. बॅटरी आणि पेट्रोलची टाकी उतरवूनच सुरुवात.

रनिंग बोर्ड बंद झाल्यावर आतून रंग कसा लावायचा?

— जोडाच्या कडांना आधीच वेल्डिंगचा (ज्यावरून वेल्ड करता येतो तो) झिंक प्रायमर. कॅव्हिटी वॅक्स (पोकळीत आतून मारायचं गंजरोधक मेण) सगळं वेल्डिंग संपल्यावर लांब नळीनं, आधी मारलं तर पेटतं. फ्लोअरच्या जोडाला दोन्ही बाजूंनी सीलर. खालची पाणी निघायची भोकं लांबी (बॉडी पुट्टी) किंवा सीलरनं बुजवू नका, नाहीतर आतून पुन्हा गंज धरेल.