बॉशम-फिशबोर्न सहल: तुमचे अनुभव लिहा

मागच्या रविवारी आपण लंडनहून बसने चिचेस्टरकडे गेलो. सकाळी फिशबोर्नचा रोमन राजवाडा, दुपारी बॉशमचं बंदर (गावकरी ‘बॉझम’ म्हणतात). परतताना जो तो वेगळंच सांगत होता, म्हणून हा धागा. राहून गेलेलंही लिहा.

*

मी वेंगुर्ल्याचा. बॉशमला उतरलो तेव्हा ओहोटी होती. होड्या चिखलात कुशीवर पडलेल्या, आणि वास थेट आमच्या खाडीचा. किनाऱ्यालगतच्या रस्त्यावरचं शेवाळ पाहूनच कळलं की इथवर पाणी येतं. चारनंतर भरती लागली. आवाज न करता पाणी पसरत आलं आणि बघता बघता आपण चाललो तो रस्ता दिसेना. अकराव्या शतकातल्या इंग्लंडच्या राजा कॅन्यूटने राजसत्तेची मर्यादा दाखवायला लाटांना ‘मागे फिरा’ म्हटलं, ती गोष्ट आपल्याच गावची असं इथले लोक मानतात. मला नारळी पौर्णिमा आठवली. बाबा होडीला हात लावण्याआधी पाण्याला नमस्कार करायचे.

*

फिशबोर्नला सगळे मोझेक (रंगीत खड्यांच्या चित्रांच्या फरश्या) बघत होते तेव्हा मी राजवाड्याच्या बागेत होते. १९६० मध्ये पाण्याची पाइपलाइन टाकताना हा राजवाडा सापडला. पुढे पुरातत्त्वज्ञ बॅरी कनलिफ यांच्या उत्खननात रोपं लावायचे जुने चरही मिळाले. आजची कुंपणं त्याच रेषांवर लावली आहेत. म्हणजे झाडं नवी, पण वळणं साधारण इ. स. ७५ च्या माळ्याची! राजवाड्याचा बराच भाग अजून रस्त्याखाली आणि घरांखाली आहे.

*

बॉशमच्या चर्चला वीसच मिनिटं मिळाली, याचं मला अजून वाईट वाटतंय. नॉर्मन लोकांनी १०६६ मध्ये इंग्लंड जिंकलं, त्याची गोष्ट सांगणाऱ्या बायोच्या भरतकामात (Bayeux Tapestry) हॅरल्ड, म्हणजे पुढे त्यांच्याशी लढलेला इंग्लंडचा राजा, घोड्यावरून ज्या चर्चला येतो, ते हे. आत कॅन्यूटच्या मुलीला पुरल्याची म्हणून एक जागा दाखवतात. १८६५ मध्ये तिथे लहान मुलाची दगडी शवपेटी सापडली होती. माझी आठ वर्षांची लेक तिथून हलेना. ‘हिची आई कुठेय?’ म्हणाली. मला उत्तर सुचलं नाही, आणि बस सुटायची वेळ झाली होती. पुढच्या वेळी चर्चला तासभर ठेवा.

*

नातीकडून लिहून घेतेय. गुडघ्यांमुळे येऊ की नको चाललं होतं, पण राजवाड्यात उंचावरून चालायची वाट केली आहे, सावकाश सगळं बघता आलं. डॉल्फिनवर बसलेला पंखांचा पोरगा, क्युपिड, हातात त्रिशूळ. एवढुल्या खड्यांची ती फरशी, मधेमधे खचलेली. त्रिशूळ बघितला आणि आमच्या कोल्हापूरचा पोसायडन डोळ्यांपुढे आला. कोल्हापुरातच ब्रह्मपुरीला सापडलेली ग्रीकांच्या समुद्रदेवाची ती रोमन बनावटीची ब्राँझची लहानशी मूर्ती टाऊन हॉल म्युझियममध्ये आहे. शाळेच्या मुलींना घेऊन मी कितीदा तिथे गेले. ‘व्यापारातून आली’ एवढंच सांगायचे आणि रांग पुढे न्यायचे. डिसेंबरात परत गेले की आधी तिच्यापुढे जाऊन निवांत उभी राहणार आहे.