घरकर्जाला सरकार जामीन राहिलं तर? फॅनी मे, फ्रेडी मॅक आणि आपला हप्ता

लेथवाला, उद्यमनगर

डिसेंबर 2021 ला 25 लाखांचं घरकर्ज काढलं. 20 वर्षं, दर पावणेसात, हप्ता 19 हजार. मे 2022 ते फेब्रुवारी 2023 मध्ये रेपो (रिझर्व्ह बँक बँकांना ज्या दरानं उसने देते तो) 4 टक्क्यांवरून साडेसहावर गेला आणि माझा दर सव्वानऊ झाला. हप्ता तोच ठेवला असता तर जवळजवळ सगळा व्याजातच जिरला असता. वाढवून घेतला, आता 23 हजारांच्या आसपास जातो.

मावसभाऊ न्यू जर्सीत असतो. त्यानंही त्याच वर्षी घर घेतलं: 3 टक्के, 30 वर्षं, हप्ता शेवटपर्यंत तोच. म्हटलं, बँकेला परवडतं कसं? म्हणाला, कर्ज बँकेकडे राहतंच कुठं! फॅनी मे नाहीतर फ्रेडी मॅक, तिथल्या सरकारनं उभ्या केलेल्या दोन कंपन्यांपैकी एक, ते विकत घेते, हजारो कर्जांची मोट बांधून त्यावर रोखे काढते आणि कर्जदारानं बुडवलं तरी रोखेधारकाला मुद्दल-व्याज देण्याची हमी घेते. फॅनी 1938 ची, महामंदीतून जन्मलेली. फ्रेडी 1970 ची.

आपल्याकडं राष्ट्रीय आवास बँक 1988 पासून आहे, पण ती घरकर्ज कंपन्यांना पुनर्वित्त देते, म्हणजे कर्ज वाटायला पैसा पुरवते. माझ्या हप्त्याला त्याचा काय उपयोग? सरकारनं असा जामीनदार उभा करावा, असं माझं स्पष्ट मत आहे.

गुळाची ढेप

थकहमी (कर्ज थकलं तर सरकार भरणार) हा शब्द कोल्हापुरात राहून विसरलास काय? साखर कारखान्यांच्या कर्जांना राज्य सरकारनं थकहमी दिली. मागं सरकार उभं आहे म्हटल्यावर ताळेबंद कोण बारकाईनं बघतो? 2011 ला रिझर्व्ह बँकेला राज्य सहकारी बँकेचं संचालक मंडळ बरखास्त करावं लागलं. कारखाने लिलावात निघाले ते वेगळंच.

आणि थकहमीचा निदान जीआर तरी निघतो. फॅनीचं तेही नव्हतं. 1968 मध्ये ती भागधारकांच्या मालकीची केली. सरकारची हमी नाही, असं रोख्यांच्या कागदांवर लिहिलेलं असायचं. पण बुडायला लागली तर सरकार धावणारच, हे बाजारानं धरलेलं. त्या भरवशावर पैसा स्वस्त मिळायचा आणि नफा भागधारकांच्या खिशात. दोघींच्या डोक्यावर मिळून 5 लाख कोटी डॉलरपेक्षा जास्त कर्जं आणि खाली भांडवल नखाएवढं. सप्टेंबर 2008 मध्ये, लेहमन ही मोठी अमेरिकी बँक बुडायच्या आठवडाभर आधी, सरकारनं दोन्ही ताब्यात घेतल्या. जवळपास 19 हजार कोटी डॉलर ओतले. 2025 उजाडलं तरी तो ताबा सुटला नव्हता. जामीन राहणं सोपं असतं, सुटणं नाही.

लेथवाला, उद्यमनगर

अर्धीच गोष्ट सांगितलीस. त्या पैशांच्या बदल्यात लाभांश म्हणून 30 हजार कोटी डॉलरच्या वर सरकारकडं परत आले. आणि सबप्राइमचा, म्हणजे फेडायची ऐपत कमी असलेल्यांना दिलेल्या कर्जांचा, सगळ्यात मोठा कचरा वॉल स्ट्रीटच्या खासगी रोख्यांत होता. ज्याला सरकारची हमीच नव्हती त्यानं आग लावली आणि खापर जामीनदारावर?

गुळाची ढेप

तेच खासगी रोखे या दोघींनी स्वतःच्या तिजोरीसाठी विकत घेतले होते, भावा. उत्पन्नाचे धड पुरावे नसलेली कर्जंही उचलली, धंदा हातातून जाईल म्हणून. पैसे परत आले कारण घरांचे भाव परत चढले. नसते चढले तर?

पंचगंगाकाठ

दोघंही बुडीत कर्जावरच अडकलाय. अमेरिकेतली सिलिकॉन व्हॅली बँक मार्च 2023 ला बुडाली, तिच्याकडं मुख्यतः हेच हमीचे रोखे होते. एकही कर्जदार पळाला नव्हता. दर चढले, जुन्या कमी व्याजाच्या रोख्यांची किंमत पडली, ठेवीदार घाबरून धावले, खेळ संपला. तुझ्या भावाचा दर बांधला म्हणजे दराची जोखीम नाहीशी झाली नाही, दुसऱ्याच्या गळ्यात गेली. आणि विचार त्याला, घर विकून दुसऱ्या गावी जाशील का? जुनं 3 टक्क्यांचं सोडलं तर नवं कर्ज 7 टक्क्यांच्या खाली मिळेना म्हणून अर्धी अमेरिका जागच्या जागी बसली होती.

फाइलवाली, राजारामपुरी

घरकर्ज कंपनीच्या शाखेत नऊ वर्षं काढलीत, म्हणून जरा लांबवते.

हमी मिळेल ती साचेबंद फाइलला. पगाराची स्लिप, बिगरशेती आदेश, प्रॉपर्टी कार्ड, स्वच्छ सर्च रिपोर्ट (मालकीच्या कागदांची तपासणी). अशा माणसाला आजही चार बँका फोन करतात. माझ्या टेबलावर येतात ते वेगळे: चप्पल कारागीर, ज्याचं रिटर्न कधी भरलेलंच नाही. गुंठेवारीतला दीड गुंठा. 2019 च्या पुरात पहिल्या मजल्यापर्यंत पाणी गेलेलं घर, 2021 ला परत तेच, आणि वर निळ्या पूररेषेचा वाद. यातलं कुठलं घर सरकारी हमीच्या निकषात बसेल?

दुसरं, आज फाइल थकली की शाखेत आम्हाला जाब विचारतात. म्हणून आमचा माणूस त्या कारागिराच्या दुकानात जाऊन तासभर बसतो, रोज किती जोड खपतात ते मोजतो. कर्ज महिन्याभरात दुसऱ्याला विकायचं ठरलं तर तो तास कोण घालवेल? मी तरी नाही घालवणार, खरं सांगते.

पण ढेपसाहेब, हमीच नको हेही मला पटत नाही. दीर्घ मुदतीचा स्वस्त पैसा मिळाला तर आमच्यासारख्या छोट्या कंपन्या त्या कारागिरालाही कमी दरानं देऊ शकतील. 2018 ला आयएलअँडएफएस ही मोठी वित्त कंपनी बुडाली तेव्हा पैसा असा आटला की मंजूर फाइलीसुद्धा आम्ही महिनोन् महिने अडवून ठेवल्या.

लेथवाला, उद्यमनगर

मग हमीचं रोख शुल्क आधी वसूल करा, कंपनीला भांडवल भरपूर ठेवायला लावा आणि पहिला तोटा कर्ज देणाऱ्याच्या बोकांडी. चालेल?

गुळाची ढेप

शुल्क फॅनी पण घ्यायची. कमी घ्यायची, कारण वाढवलं की घर महाग आणि मतदार नाराज. निवडणुकीच्या वर्षात कोण वाढवेल?

फाइलवाली, राजारामपुरी

लेथवाले दादा, एक विचारू? दर बदलताना कर्जदाराला स्थिर दरावर जायचा पर्याय द्या, असं रिझर्व्ह बँकेनं ऑगस्ट 2023 मध्ये सांगितलं होतं. तुम्ही बँकेत विचारलं होतं का?

लेथवाला, उद्यमनगर

विचारलं होतं ताई. पावणेबारा टक्के म्हणाले. चहा पिऊन परत आलो.